पदार्पणाआधीची वीस वर्षे

२००० साली अमेरिकेतील 'सोल ट्रेन लेडी ऑफ सोल' पुरस्कारांत एका गायिकेला नवोदित कलाकाराचा सन्मान मिळाला. तेव्हा तिचे वय ३८ होते. तिची पहिली तबकडी १९७९ साली निघाली होती आणि त्या वेळच्या सोल संगीताच्या राष्ट्रीय क्रमवारीत पंधराव्या स्थानापर्यंत पोहोचली होती. दरम्यानच्या काळात ती एका त्रिकुटातून गाऊन बाहेर पडली होती, दुसरा गट काढून तोही मिटला होता, इतरांसाठी गाणी लिहिली होती, दोन मुलांची आई झाली होती. आणि आता ती 'नवोदित' होती.

आजचा धागा या वीस वर्षांविषयी आहे. गायिकेचे नाव अँजी स्टोन. या धाग्यांच्या नेहमीच्या वाचकांना तह, सनदा, मोहिमा आणि बखरी यांची सवय आहे, हे मी जाणते; आज त्यांनी मला थोडी सवलत द्यावी. प्रदेश परका असला तरी प्रश्न इतिहासाचाच आहे: कालखंड कोण पाडतो आणि तो पाडताना कोण बाहेर सांडते?

माझे सध्याचे वाचन जुन्या संगीत नाटक मंडळ्यांच्या जमाखर्चाचे आहे. अशा वह्यांत मुख्य नटाचे नाव ठळक असते. पायपेटी वाजवणारा, पोशाख सांभाळणारा, पदाला चाल सुचवणारा ही माणसे मात्र रक्कम पोहोचल्याच्या ओळीतच काय ती भेटतात. या वाचनाने मला श्रेयनामावली वाचण्याची खोड लावली. गाणे ऐकले की ते कोणी लिहिले, मागचा आवाज कोणाचा, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. अँजी स्टोन मला तिच्या स्वतःच्या गाण्यांतून भेटलीच नाही. डीअँजेलो या गायकाच्या 'ब्राउन शुगर' या ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत, 'जोन्झ इन माय बोन्झ' या गाण्याच्या लेखकांत, ती बारीक अक्षरांत उभी होती. कोण ही, म्हणून मागे गेले आणि थेट १९७९पर्यंत जाऊन पोहोचले.

आधी 'निओ सोल' या शब्दाचा उलगडा करू. 'सोल' हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून निघालेले संगीत. एकाने आळवावे, मंडळींनी प्रतिसाद द्यावा, स्वर लांबवत नेत नेत शेवटी त्याला हुंकाराचे किंवा किंकाळीचे रूप यावे, ही सारी रीत देवासाठी होती. १९५०च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक अशांनी ती माणसांच्या प्रेमाकडे वळवली. धर्मोपदेशकाची मुलगी असलेल्या अरीथा फ्रँकलिनने १९६०च्या दशकात तिला शिखरावर नेले. १९८०च्या दशकात संगणकी ठेके आणि सिंथेसायझर यांनी व्यापलेल्या संगीतात ही रीत मागे पडली, अशी तक्रार होऊ लागली. मग १९९५मध्ये डीअँजेलोची 'ब्राउन शुगर', १९९६मध्ये मॅक्सवेलची पहिली ध्वनिमुद्रिका, १९९७मध्ये एरिका बाडूची 'बाडूइझम', १९९८मध्ये लॉरिन हिलची एकल ध्वनिमुद्रिका अशी रांगच लागली. या सर्वांत जुन्या सोलची ऊब होती आणि अंगात हिप-हॉपचा ठेका होता. त्यांना मिळून 'निओ सोल' हे नाव दिले ते डीअँजेलोचा व्यवस्थापक आणि बाडूला पुढे आणणारा केदार मॅसेनबर्ग याने. (नाव वाचून आपल्याकडचा कोणी असावा असे वाटते खरे, पण गृहस्थ आफ्रिकी-अमेरिकी आहेत.) दुकानात तबकडी कोणत्या फळीवर ठेवायची, हे विक्रेत्याला कळावे म्हणून काढलेले ते नाव होते. ज्यांना ते चिकटले त्यांतल्या अनेकांना ते आवडले नाही.

मराठी वाचकाला 'नव' या उपसर्गाची गंमत वेगळी सांगायला नको. नवकथा, नवकविता यांवर आपल्याकडे पुष्कळ शाई सांडली आहे. 'नव' म्हटले की एक रेघ ओढली जाते: अलीकडचे नवे, पलीकडचे जुने. जो दोन्हीकडे आहे त्याचे काय करायचे, हे त्या रेघेला ठाऊक नसते.

अँजी स्टोन दोन्हीकडे होती.

तिचा जन्म १८ डिसेंबर १९६१चा. साउथ कॅरोलायना राज्याची राजधानी कोलंबिया हे गाव. जन्मनाव अँजेला लावर्न ब्राउन. हे साल आणि हे गाव क्षणभर एकत्र पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी २ मार्चला कोलंबियातील कृष्णवर्णीय विद्यार्थी एका चर्चमधून निघून राज्याच्या विधिमंडळ भवनावर शांतपणे चालून गेले होते. वर्णभेदाचे कायदे रद्द करा, एवढीच मागणी. पांगण्याचा हुकूम झाला. ते हलले नाहीत, देशभक्तीची आणि धर्माची गीते गाऊ लागले. १८७ जणांवर शांतताभंगाचा खटला चालला आणि शिक्षा झाल्या. दोन वर्षांनी, १९६३मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द ठरवल्या. शांततेने जमून गाऱ्हाणे मांडण्याच्या हक्काविषयीचा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. मोर्चानंतर पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९६१मध्ये, अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीचे निमित्त करून त्याच भवनावर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा ध्वज चढवण्यात आला. तो घुमटावरून उतरायला २००० साल उजाडले आणि आवारातून कायमचा जायला २०१५.

म्हणजे अँजी 'नवोदित' ठरली त्याच वर्षी तिच्या गावच्या घुमटावरून तो ध्वज उतरला. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, मला तसे सुचवायचेही नाही. पण ज्या गावात गाणे म्हटल्याबद्दल माणसे तुरुंगात जात होती, त्या गावात चर्च हेच कृष्णवर्णीयांच्या हक्काचे छत होते आणि तिथले गाणे म्हणजे रविवारची करमणूक नव्हती, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ. अँजीचे वडील गॉस्पेल गाणाऱ्या एका चौकडीत गात. ते तिला मोठ्या गॉस्पेल मंडळ्या ऐकायला नेत. ती स्वतः फर्स्ट नाझरेथ बॅप्टिस्ट चर्चमध्ये गाऊ लागली. तिचा तो खालच्या पट्टीतला, घाई नसलेला, जड पावलांनी चालणारा आवाज तिथे घडला. शब्दाच्या शेवटी ती किंचित मागे रेंगाळते, ठेका पुढे जातो, आणि मग ती त्याला गाठते. हे वळण शिकवून येत नाही. ते मंडळींसोबत गाण्याच्या सवयीतून येते.

आता १९७९. हिप-हॉपचा इतिहास सांगताना सगळे न्यूयॉर्कचे नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. ब्राँक्समधील मेजवान्यांत तो जन्मला. पण तबकडीवर तो आणला शेजारच्या न्यू जर्सीतील 'शुगर हिल रेकॉर्ड्स' या कंपनीने. ती चालवत होती सिल्व्हिया रॉबिन्सन, स्वतः १९५०च्या दशकापासून गाणारी बाई. तिने तीन तरुणांना जमवून 'शुगरहिल गँग' उभी केली आणि सप्टेंबर १९७९मध्ये 'रॅपर्स डिलाइट' बाजारात आणले. घराघरांत पोहोचलेले ते पहिले रॅप गीत. त्या यशानंतर गँग दौऱ्यावर निघाली, दौऱ्यात कोलंबिया गाव लागले, आणि तिथे तीन मैत्रिणी रंगमंचामागे शिरल्या. चेरिल कुक, ग्वेंडोलिन चिझम आणि अँजी. शाळेत त्या खेळाडूंना चेतवणाऱ्या चमूत होत्या. टाळ्या, पायांचा ठेका, एका सुरात दिलेल्या आरोळ्या हा त्यांचा सराव. सिल्व्हिया रॉबिन्सनपुढे त्यांनी आपले गाणे म्हणून दाखवले, आणि तिने त्यांना करारबद्ध केले.

त्रिकुटाचे नाव 'द सीक्वेन्स'. गाण्याचे नाव 'फंक यू अप'. शुगर हिलची ही अगदी सुरुवातीच्या तबकड्यांपैकी एक, 'रॅपर्स डिलाइट'च्या मागोमाग आलेली. अँजी, तेव्हाची 'अँजी बी', अठरा वर्षांच्या उंबरठ्यावर होती.

हे गाणे मी अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी एका गोष्टीपाशी थांबते. या मुली रॅप करतात आणि मधेच तिघी मिळून गातात. साधे कोरसही नव्हे, चर्चमध्ये घोटलेला तीन आवाजांचा मेळ त्यात आहे. म्हणजे खाली वाद्यांचा फिरता ठेका, वर बोलणे, आणि बोलण्यातून वर चढणारे गाणे. सोळा वर्षांनी 'निओ सोल' म्हणून ज्या मिश्रणाची वाहवा झाली, त्याची सामग्री इथे पूर्ण हजर आहे. इथली मांडणी कच्ची आहे, खेळकर आहे, 'पार्लमेंट' या फंक वादकसंघाची उसनवारी तिच्यात उघड दिसते. पण सामग्री तीच. त्यात आणखी दोन गोष्टी. गाणाऱ्या मुली होत्या, आणि त्या दक्षिणेकडच्या होत्या, न्यूयॉर्कपासून हजारभर किलोमीटर दूरच्या. हिप-हॉपच्या जन्मकथेत या दोन्ही गोष्टींना पुष्कळ वर्षे जागाच नव्हती. अलीकडे 'फंक यू अप'चा उल्लेख स्त्रियांच्या गटाचे पहिले रॅप गीत, दक्षिणेचे पहिले रॅप गीत असा होऊ लागला आहे. पहिलेपणाच्या दाव्यांविषयी मी एरवी संशयी असते, कारण 'पहिले' शोधण्याच्या नादात इतिहासाची शर्यत होते. परंतु इथे ज्याची नोंदच झाली नव्हती, त्याची नोंद करण्याचा तो एक मार्ग ठरला, हे मान्य करावे लागते.

सीक्वेन्सने तीन ध्वनिमुद्रिका काढल्या आणि १९८५च्या सुमारास गट विखुरला. त्यानंतरची काही वर्षे लवकर सांगून होतात. 'फंकी फोर प्लस वन' या आद्य रॅप गटातील रॉडनी स्टोन याच्याशी लग्न, 'स्टोन' हे आडनाव, मुलगी, घटस्फोट. मग दोन साथीदारांसह 'व्हर्टिकल होल्ड' हा गट; १९९३मध्ये 'सीम्स यू आर मच टू बिझी' हे त्यांचे गाणे बऱ्यापैकी गाजले. इतरांच्या ध्वनिमुद्रणांत मागे गाणे तर चालूच होते.

१९९५ या सालापाशी मात्र मला रेंगाळायचे आहे. त्या एका वर्षात काय काय घडले ते पाहा. 'व्हर्टिकल होल्ड'ची दुसरी आणि शेवटची ध्वनिमुद्रिका आली. डॉक्टर ड्रे या रॅपसम्राटाने एका चित्रपटासाठी 'कीप देअर हेड्स रिंगिन' हे गाणे केले. त्याचे डोक्यात घुमत राहणारे पद 'फंक यू अप'मधून घेतलेले होते, म्हणजे कोलंबियाच्या तीन शाळकरी मैत्रिणींचे. आणि जुलैमध्ये डीअँजेलोची 'ब्राउन शुगर' आली, जिच्यात अँजी लेखिका म्हणून सहभागी होती. एकाच वर्षी अमेरिकेच्या नभोवाणीवर तिची किशोरवयातली कल्पना एका गाण्यात, प्रौढ वयातले लेखन दुसऱ्यात आणि खुद्द आवाज तिसऱ्यात वाजत होता. आणि 'अँजी स्टोन कोण?' असे विचारले असते तर फार थोड्यांना सांगता आले असते.

डीअँजेलो तेव्हा २१ वर्षांचा होता. रिचमंड, व्हर्जिनियातील धर्मोपदेशकाचा मुलगा, बुद्धी अफाट, अनुभव थोडा. अँजी ३३ वर्षांची. पंधरा-सोळा वर्षे ध्वनिमुद्रण कक्षांत काढलेली. दोघे प्रेमात होते. त्यांना एक मुलगा झाला. २०००च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या 'व्हूडू' या विख्यात ध्वनिमुद्रिकेतही 'सेंड इट ऑन' या गाण्याच्या लेखनात तिचे नाव आहे. या नात्याविषयी पुढे जे लिहिले गेले त्यात तिला बहुधा 'त्याची तेव्हाची प्रेयसी' आणि फार तर 'प्रेरणा' म्हटलेले आढळते. 'प्रेरणा' हा शब्द मला कलेतिहासात अत्यंत संशयास्पद वाटतो. प्रेरणेला मानधन नसते, श्रेयनामावलीत जागा नसते. वयाने बारा वर्षांनी थोर आणि धंद्यात मुरलेली एक गीतकार तरुण गायकाच्या पहिल्या कामाला हात लावते, तेव्हा त्या नात्याला आपण दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात काय म्हटले असते? गुरुत्व म्हटले नसते तरी सहकार्य नक्कीच म्हटले असते. डीअँजेलोचे मोठेपण याने तसूभरही उणे होत नाही. 'व्हूडू' मी आजही रात्री दिवे मालवून ऐकते.

सप्टेंबर १९९९मध्ये अँजीची पहिली एकल ध्वनिमुद्रिका 'ब्लॅक डायमंड' आली. नाव मुलीच्या नावावरून ठेवलेले. तिच्यातील 'नो मोअर रेन' हे गाणे प्रौढ श्रोत्यांच्या नभोवाणी क्रमवारीत दहा आठवडे पहिल्या स्थानावर राहिले.

या गाण्याची रचना कशी आहे, ते थोडे सविस्तर सांगते. त्याच्या तळाशी ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांच्या १९७३च्या सुमारास गाजलेल्या 'नायदर वन ऑफ अस' या गाण्याचा तुकडा फिरत राहतो. जुन्या ध्वनिमुद्रणाचा असा तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवण्याला 'सॅम्पलिंग' म्हणतात. आळशीपणा, चोरी अशी दूषणे त्याला नेहमी दिली जातात. मला ते तळटीपेसारखे वाटते. जुने गाणे निरोपाचे आहे: दोघांनाही कळून चुकले आहे, पण आधी कोणी बोलायचे? अँजीचे गाणे निरोप घेऊन झालेल्या बाईचे आहे. पाऊस थांबला, आता ऊन. ज्याला जुने गाणे ठाऊक आहे, त्याला नव्या गाण्याखाली जुन्याचे उत्तर न मिळालेले प्रश्न ऐकू येतात. शिवाय ही तळटीप फुकटची नसते. मूळ गीतकार जिम वेदर्ली याचे नाव नव्या गाण्याच्या लेखकांत येते आणि नावामागून त्याचा वाटा येतो. २००१च्या 'महॉगनी सोल'मधील 'विश आय डिड नॉट मिस यू' या तिच्या जगभर नाचल्या गेलेल्या गाण्यातही हेच. त्याखाली ओजेजच्या १९७२च्या 'बॅक स्टॅबर्स'चे सूर आहेत. फितुरांविषयीचे ते गाणे, आणि वर फसवल्या गेलेल्या प्रेयसीची कैफियत. हाफ, मॅकफॅडन आणि व्हाइटहेड हे त्याचे तिघे मूळ लेखक इथेही नावानिशी हजर आहेत. इतिहासाचे आम्ही विद्यार्थी संदर्भ देतो तेव्हा संदर्भित लेखकाला पैसे पोहोचत नाहीत. या बाबतीत हा व्यवसाय आमच्यापेक्षा सुसंस्कृत म्हणावा लागेल, निदान कागदावर तरी.

यातला उपरोध असा की, १९७९ साली सॅम्पलिंगचे यंत्र सहज हाती येण्याजोगे नव्हते. तेव्हा स्टुडिओत वादक बसवून ठेका नव्याने वाजवला जाई. अँजीने रॅपचा तोही काळ पाहिला, आणि यंत्रातून जुनी गाणी उचलण्याचाही. ज्या जुन्या सोलकडे वळणे ही इतरांची 'पुनरुज्जीवना'ची चळवळ होती, ते तिच्या बालपणीचे ताजे संगीत होते. ग्लॅडिस नाइटचे ते गाणे नभोवाणीवर वाजत होते तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल. बाडू तेव्हा मांडीवर होती, लॉरिन हिलचा जन्म व्हायचा होता.

'ब्लॅक डायमंड' आणि 'महॉगनी सोल' या दोन्हींच्या पाच लाखांवर प्रती गेल्या. क्लाइव्ह डेव्हिससारखा मातब्बर निर्माता तिच्या पाठीशी होता. 'अरिस्टा' सोडून त्याने 'जे रेकॉर्ड्स' काढली तेव्हा तीही तिकडे गेली. तीन वेळा ग्रॅमीसाठी नामांकन झाले, एकदाही मिळाले नाही. 'गर्लफ्रेंड्स' या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत तिच्या आवाजात वर्षानुवर्षे अमेरिकी घरांत वाजत राहिले. ब्रॉडवेवर 'शिकागो' या संगीतिकेत तिने तुरुंगाधिकारी ममा मॉर्टनची भूमिका केली. २००७मध्ये मेम्फिसच्या जुन्या 'स्टॅक्स' या नामवंत सोल कंपनीचे नाव पुन्हा जिवंत करण्यात आले आणि तिथून अँजीची 'द आर्ट ऑफ लव्ह अँड वॉर' निघाली. अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत ती अकराव्या स्थानी आली, तिच्या कारकिर्दीतील सर्वोच्च. तिच्यातील 'बेबी' हे गाणे तिने बेटी राइट या १९७१पासून गाजत असलेल्या ज्येष्ठ गायिकेसोबत म्हटले आहे. दोघी एकमेकींना जागा देत गातात. दोन शेजारणी ओट्यावर बसून एकाच माणसाविषयी बोलत असाव्यात असे ते ऐकताना वाटते. तिच्या सर्व कामांत मला हे गाणे सर्वांत प्रिय आहे, आणि निओ सोलच्या याद्यांत ते क्वचितच असते.

त्याआधी, २००३मध्ये, एरिका बाडूने एक देखणी गोष्ट केली होती. 'लव्ह ऑफ माय लाइफ वर्ल्डवाइड' या गाण्यात तिने 'फंक यू अप'ची चौकट घेतली, क्वीन लतीफा आणि बहामादिया या रॅप गायिकांना बोलावले, आणि चौथी म्हणून खुद्द अँजीला. निओ सोलची सम्राज्ञी म्हणून जिला ओळखतात, तिने आपल्या पूर्वसूरीला तिच्याच गाण्यात गायला लावले. असे उघड ऋणनिर्देश कोणत्याही शास्त्रात विरळाच.

ऋणाचा हिशेब मात्र सगळीकडे असा चुकता झाला नाही. आपल्या गाण्यांचे हक्काचे मानधन आपल्याला मिळालेले नाही, असे अँजीने आयुष्याच्या अखेरच्या काळात जाहीरपणे सांगितले. त्या वादाच्या तपशिलात शिरण्याचा मला अधिकार नाही. पण वयाच्या साठीनंतर, मधुमेह अंगावर घेऊन, ती एका गावाहून दुसऱ्या गावी कार्यक्रम करत फिरत होती, हे सर्वांसमोर होते. आपल्याकडेही १९४९च्या 'महल'मधील 'आयेगा आनेवाला'च्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले होते, आणि पुढे लताबाईंना नावासाठी आणि मानधनासाठी किती भांडावे लागले, हे मराठी वाचक जाणतातच. नाव आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण समजतो. गाण्याच्या धंद्यात नाव पुसले की पैशाची वाटही बुजते.

१ मार्च २०२५च्या पहाटे अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहराच्या दक्षिणेला, महामार्गावर एक प्रवासी गाडी उलटली आणि मागून आलेला मालट्रक तिच्यावर आदळला. मोबील शहरातील मार्दी ग्राच्या उत्सवात गाऊन अँजी आणि तिची मंडळी अटलांटाकडे परतत होती. गाडीतील इतर वाचले, अँजी गेली. वय ६३. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये एका बास्केटबॉल स्पर्धेच्या मध्यंतरात तिचे गाणे व्हायचे होते. माँटगोमेरी हे रोझा पार्क्सचे आणि बसबहिष्काराचे गाव, हे मला बातमी वाचताना लगेच आठवले. पण दक्षिणेतल्या कोणत्याही रस्त्याला असा काही ना काही इतिहास आहेच.

साडेसात महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, डीअँजेलो स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. वय अवघे ५१. त्या दोघांच्या मुलाने एकाच वर्षात आई आणि वडील दोघेही गमावले.

दोन्ही वेळी मी श्रद्धांजलीपर लेख जमवले, अगदी कात्रणे काढल्यासारखे. अँजीवरच्या बहुतेक मथळ्यांत 'निओ सोल गायिका' असे होते. सीक्वेन्सचा उल्लेख बहुतेकांनी केला, काहींनी ठळकपणे. हे वीस वर्षांपूर्वी झाले नसते. डीअँजेलोवरचे लेख लांब होते, अभ्यासपूर्ण होते, त्यांत 'व्हूडू'च्या ठेक्यातील सूक्ष्म ढिलाईवर परिच्छेदच्या परिच्छेद होते. मी वाचलेल्यांपैकी बहुतेकांत अँजी एका वाक्यात येऊन गेली, मुलाची आई म्हणून. गाण्यांची लेखिका म्हणून तिला शोधायला मला पुन्हा त्या बारीक अक्षरांकडे जावे लागले.

काहींनी विचारलेच आहे, म्हणून ऐकण्याचा क्रम सांगते. आधी 'फंक यू अप', आणि ते पूर्ण लांबीचेच. छोट्या आवृत्तीत तिघींचे एकत्र गाणे उरकून टाकल्यासारखे वाटते. मग 'व्हर्टिकल होल्ड'चे ते १९९३चे गाणे. मग डीअँजेलोचे 'जोन्झ इन माय बोन्झ'. या तिघांनंतरच 'नो मोअर रेन' लावा, आणि शक्य असेल तर त्याआधी ग्लॅडिस नाइटचे मूळ गाणे एकदा ऐकून घ्या. 'बेबी' शेवटी. त्याला हेडफोन नकोत. स्वयंपाकघरात काम करता करता, मोठ्या आवाजात.